दंडारीतलं पाणी

धान कापून झालं, मळणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीतल्या माणसांच्या अंगात नाटक शिरायचं. पहिली निवडणूक होऊन गेली होती आणि दुसरीची हवा सुरू झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन वैनगंगेकाठच्या त्या गावात आले होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं की माझं लग्नाचं लुगडं मी दुसऱ्यांदा नेसायच्या आधी माझा नवरा नेसणार आहे.

दंडार म्हणजे गाणं, नाच, सोंग आणि टवाळी यांचं मिसळलेलं आमचं नाटक. त्यात बायांची कामं पुरुषच करायचे, आणि माझा नवरा देखणी बाई म्हणून चार गावांत नावाजलेला. पदर सावरत तो आरशापुढे उभा राहिला की हसावं की रडावं ते कळायचं नाही मला. मेल्याला लुगडं माझ्यापेक्षा चांगलं नेसता यायचं, तेच जास्त झोंबायचं.

मंडळाचे म्होरके माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. धानाची शेती, हाडं दिसतील असं अंग, आणि तोंड असं की मयतीत बोलले तरी लोक आधी हसायचे आणि मग जीभ चावायचे. मृदंग वाजवायचे ते वेशीपलीकडच्या वस्तीतले, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांच्या हातचं पाणी तेव्हा गाव पीत नव्हतं. त्यांचा मृदंग मात्र साऱ्या गावाला चालायचा, कातड्याचा असूनसुद्धा. वर त्यांच्याइतका सोंगाड्या दुसरा नव्हता, त्यामुळे त्यांच्यावाचून दंडार उभीच राहिली नसती.

तालमी दुपारच्या, आमच्याच खळ्यात. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला टेकून मी आणि माझी नणंद तांदूळ निवडायचो आणि हसून हसून खड्यांसकट तांदूळ सुपात टाकायचो. ते ऊन, तो ओल्या तणसाचा वास आणि मामाजींचं ते सोंग आठवलं की आजही मला बरं वाटतं. त्या वर्षीचं सोंग निवडणुकीवर होतं. मामाजी झाले होते उमेदवार. हा उमेदवार ज्या घरी जाई त्या घरच्या जातीचा होई. गोंडाच्या दारी म्हणे, माझी आजी मोहफुलं वेचत वारली. ढीवराच्या दारी म्हणे, मी तर डोंग्यातच जन्मलो, नाळ मासळीनं खाल्ली. शेवटी तो वेशीपलीकडच्या घरी येई, मतासाठी तिथलं पाणी घटाघटा पिई, आणि घरामागे जाऊन लपून चूळ भरी. तिथं सगळ्यात मोठा हशा यायचा.

त्या घरचा धनी झाले होते मृदंगवाले भाऊ. एका दुपारी ते लोटा खाली ठेवून म्हणाले, "दादा, रिकाम्या लोट्यानं मी पानी नाई देत."

मामाजी म्हणाले, "काऊन? दंडारीत लोटा रिकामाच राह्यते."

खरंच रीत तशी होती. खेळाआधी गणाची पूजा होते, ती जागा मग देवाची. तिथं उष्टं सांडू नये म्हणून खेळातलं खाणंपिणं सगळं लटकं. ताट रिकामं, लोटा रिकामा. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

"रीत मले मालूम आहे," भाऊ म्हणाले. "पन लोटा रिकामा आशीन त लोक कोनावर हासून राह्यले? उमेदवारावर नाई. माह्यावर, माह्या हातचं पानी सोंगातबी चालत नाई मनून. भरला आशीन त मंग उमेदवारावर हासतीन."

मामाजींनी खाली ठेवलेला लोटा उचलून भाऊंच्या हातात दिला. मग म्हणाले, "आना भरून. तुमच्याच घरून आना."

मी सूप खाली ठेवून नणंदेकडे बघितलं. कारण दंडारीला नणंदेला बघायला सोयरे यायचे होते. आमच्याकडे सोयरिकी अशाच जुळायच्या, शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, नाहीतर दंडारीला पाहुणे येत आणि पोरगी पसंत करून जात. नणंदेचा रंग काळासावळा. त्यापायी आधीची स्थळं जेवून, हात पुसून परत गेली होती. हे घर चांगलं होतं आणि मुलगा तिला मनातून आवडला होता, हे मला तिनं तांदूळ निवडतानाच सांगितलं होतं. मामाजींनी ते पाणी प्यायल्याचं सोयऱ्यांना कळलं असतं तर पोरीचं लग्न त्या पंचक्रोशीत जमणं कठीण होतं. मामाजींनाही ते कळत होतं, त्या दिवशी ते धड जेवले नाहीत.

वाघानं त्या हंगामात गुरं नेली होती, म्हणून शेजारगावच्या लोकांना उजेडात घरी पोचता यावं या हिशोबानं दंडार दिवसाच ठेवली. धान कापलेल्या बांधीत, त्या मोकळ्या वावरात, माणूस मावेना. सोयरे पुढे खाटेवर बसले. माझा नवरा माझ्या लुगड्यात ठुमकून गेला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि मी तोंडाला पदर लावला. मग तो प्रसंग आला. मृदंगवाल्या भाऊंनी लोटा पुढे केला. मामाजींनी तो हातात घेतला, तेव्हा वजनानं त्यांचं मनगट जरा खाली गेलेलं मला बायांच्या घोळक्यातून दिसलं. त्यांनी लोटा तोंडाला लावला, मान मागे टाकली आणि प्यायले. सगळा प्यायले. गावाला वाटलं, नेहमीसारखा रिकामा लोटा. माणसं हसू लागली.

मग चूळ भरायची होती. मामाजी घरामागे गेलेच नाहीत. मिशीवरून हात फिरवला, भाऊंकडे बघितलं आणि पुढचं गाणं सुरू केलं. भाऊंनी मृदंगावर थाप मारली ती अशी, की तशी मी पुन्हा कधी ऐकली नाही.

खेळ संपल्यावर सोयरे आमच्या ओसरीत जेवायला बसले. मी वाढत होते, नणंद दारात वरणाचं भांडं घेऊन उभी. अंगणाच्या टोकाला भाऊ आपला मृदंग पुसत बसले होते. मुलाचा बाप मोठ्या खुशीत होता.

"वा जी सोयरे," तो म्हणाला, "लोट्यात थेंब नाई अन् तुमचा घसा कसा हालत होता. खरोखर पेल्यावानी. चूळ तेवढी इसरले तुमी."

मामाजींचा घास हातात राहिला. ते म्हणाले, "लोटा भरला होता."

पंगत हसली. मामाजी बोलले म्हणजे हसायचंच.

"खरं सांगतो," मामाजी म्हणाले, "पानी होतं. मी पेलो."

आता मुलाचा बाप हसता हसता थांबला. त्यानं अंगणाकडे मान वळवली. "काय जी मृदंगवाले, होतं काय पानी लोट्यात?"

भाऊंनी वर पाहिलं. आधी मामाजींकडे, मग दारात उभ्या असलेल्या पोरीकडे.

"नाई जी," ते म्हणाले. "रिकामाच होता. दादाची नकल आहे ते."

पंगत पुन्हा जेवू लागली. मामाजी तिसऱ्यांदा बोलले नाहीत. मला त्यांच्या गप्प राहण्याचा संताप आला, आणि नणंदेकडे पाहून हायसंही वाटलं, दोन्ही एकदमच. सोयऱ्यांनी जाताना तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

बैलगाड्या निघून गेल्यावर मामाजी स्वतः ताट वाढून अंगणात घेऊन गेले आणि भाऊंसमोर भुईवर बसले. "काऊन असं बोल्ले तुमी?" त्यांनी विचारलं.

"माह्या मृदंगावर नाचून मोठी झाली ते पोरगी," भाऊ म्हणाले. "मी कसं मोडू तिचं?"

मामाजींना रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. भाऊ जेवत राहिले.

आता आमच्या गावात नाटकाला पडदे आहेत, विजेचे दिवे आहेत, शहरातून बाया येतात कामाला आणि सोंगं झोकात होतात. मी जाते, बसते, हसतेही. पण त्या खळ्यातल्या दुपारींची सर कशाला नाही, आणि त्या माणसासारखा मृदंग वाजवणारा पुन्हा झाला नाही.

नणंदेच्या लग्नात मृदंग त्यांनीच वाजवला, मांडवाच्या बाहेर बसून. जेवणं झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं, तर सोयऱ्यांकडच्या एका पोरानं ते उभ्यानं, वरून, त्यांच्या ओंजळीत ओतलं.