साध्या दाबाला, साध्या तापमानाला

ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे व्याख्याबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई. तेल आणि वायूच्या कंपन्यांचे करार लिहून देणारं ते वकिलांचं ऑफिस, आणि करारातलं पहिलं कलम, म्हणजे कुठल्या शब्दाचा अर्थ काय धरायचा ते, बाईंच्या वाट्याचं. तरुण वकील त्या कलमाला ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणून हसत. बाई हसत नसत. माणसं भांडतात ती आकड्यांवरून नाही, शब्दांवरून, असं त्यांचं ठाम मत होतं. घरीसुद्धा ‘लवकर येतो म्हणजे किती वाजता’ हे ठरल्याशिवाय त्या नवऱ्याला उंबरा ओलांडू देत नसत.

त्या दिवशी एका मोठ्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. बाईंनी सकाळी सहीच्या प्रती चाळायला घेतल्या आणि दुसऱ्याच पानावर त्या थांबल्या. ‘द्रव हायड्रोकार्बन’च्या व्याख्येतून त्यांचे शब्द गेले होते: ‘साध्या दाबाला आणि साध्या तापमानाला’. त्यांच्या जागी आलं होतं, ‘सेपरेटरच्या तोंडाशी’.

सेपरेटर म्हणजे विहिरीतून आलेला वायू आणि द्रव वेगळे करणारी बंद टाकी. आत दाब असतो म्हणून द्रव गपगुमान बसतो. बाहेर काढला की सोड्याची बाटली उघडल्यासारखी गत. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा प्लांटवरच्या केमिस्टने त्यातला थोडासा काचेच्या भांड्यात सोडून दाखवला होता. खाली जाळ नाही, काही नाही, आणि द्रव खदखदा उकळत होता, भांड्यावर बाहेरून बर्फ जमला होता. “ही वाफ वर जात नाही,” केमिस्ट म्हणाला होता. “जमिनीवरून सरपटत ठिणगी शोधते.” तेव्हापासून ते शब्द बाईंनी एकाही करारातून हलू दिले नव्हते. ‘ध’चा ‘मा’ करायला दर वेळी अक्षर बदलावं लागतं असं नाही. गाळलं तरी माणूस मरतो.

आणि आज सह्या झाल्याबरोबर हा माल ज्या टँकरमध्ये भरायचा होता तो साधा होता, दाब न सोसणारा. तो टँकर बाईंचा नवरा चालवत होता.

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. “साहेब, हे शब्द कोणी काढले?”

“मी.” साहेबांनी मान वर केली नाही. “द्रवातला वायू काढून टाकणारं यंत्र अजून उभं राहिलेलं नाही. तुमची व्याख्या ठेवली, तर तोवर आपल्या पक्षकाराला, माल विकणाऱ्या कंपनीला, थेंबभर माल देता येणार नाही.”

“पण साध्या टँकरमध्ये भरला तर...”

“ते टँकरवाले बघतील. बाई, आपण शब्द लिहितो, माल भरत नाही.”

बाईंनी जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला. “अहो, आज भरू नका. पोट दुखतंय म्हणा, काहीही सांगा.”

“अगं, गेटवर उभा आहे मी. झालं काय?”

त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. 

“आमच्या कागदावर ‘द्रव’ एवढंच लिहिलंय,” तो म्हणाला. “आणि मी नाही म्हटलं तर धाकटा आहेच मागे. त्याला बसवतील.” धाकटा म्हणजे बाईंचा दीर. “गाडी थांबत नसते गं. ड्रायव्हर बदलतो.”

सह्यांआधी पहिलं कलम मोठ्याने वाचायचं, दोन्ही बाजूंनी ऐकायचं आणि मगच पेनं उघडायची, ही त्या ऑफिसची जुनी पद्धत. वाचायचं बाईंनी. समोर खरेदीदारांचे वयस्कर इंजिनिअर, शेजारी साहेब. बाई घाबरल्या होत्या. नोकरी जाईल म्हणून घाबरल्या होत्या आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. कागदावर आहे तेच वाचायचं, असं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

“द्रव हायड्रोकार्बन म्हणजे,” बाई वाचू लागल्या, “विहिरीतून वायूसोबत निघणारा आणि साध्या दाबाला आणि साध्या तापमानाला द्रवच राहणारा...”

जिभेला हाड नसतं म्हणतात. सवय मात्र असते. आता ती जीभ घसरली की बाईंनी घसरू दिली, हे त्यांनाही कधी नीट सांगता आलं नाही.

“थांबा,” इंजिनिअर म्हणाले. “माझ्या प्रतीत हे नाही.”

साहेब हसले. “बाईंची जीभ घसरली. मूळ मसुद्यात असं काही नाही. बाई, सांगा त्यांना.”

हे बाईंना दिलेलं दार होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं, पुन्हा वाचायचं आणि उद्या वेळेवर कामाला यायचं.  बाईंनी हातातली प्रत मिटून टेबलावर ठेवली.

“मूळ मसुद्यात होतं,” बाई म्हणाल्या. “आज सकाळी नव्हतं.”

इंजिनिअरनी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग इंजिनिअरनी पेनाला टोपण लावलं आणि तिथूनच प्लांटवर फोन केला, भरणी थांबवा म्हणून.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा दारात दोन्ही भावांचे बूट होते. ते पाहून त्या तिथेच पायरीवर बसल्या, आणि दिवसभर न आलेलं रडू तेव्हा आलं.

नवरा बाहेर आला. त्याची खेप बुडाली होती, तोंड उतरलेलं होतं.

“उद्यापासून मी घरी,” बाई म्हणाल्या.

तो शेजारी बसला. बायकोच्या व्याख्यांची त्याने आजवर टिंगलच केली होती. “नक्की काय वाचलंस?” त्याने विचारलं.

बाईंनी व्याख्या सांगितली.

“पुन्हा म्हण,” तो म्हणाला. आतून धाकटाही दाराशी येऊन उभा राहिला. बाईंनी डोळे पुसले आणि अख्खी व्याख्या पुन्हा म्हटली, एकही शब्द न गाळता.