त्याच्या जागी

तो सिनेमा मी लावला नव्हता, माझ्या मावसदिरानं लावला होता. ऑक्टोबरातली शनिवारची दुपार होती, बाहेर रिपरिप चालू होती आणि मुलगी पोहण्याच्या क्लासला गेली होती. नवऱ्याच्या मावशीचा हा मुलगा जर्मनीत, आमच्याच कार्ल्सरूहेला मास्टर्स करत होता आणि दर शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचा. वय सव्वीस. कुठल्याही भाजीला नाव ठेवायचा नाही आणि जेवल्यावर ताट स्वतः धुवायचा, त्यामुळे माझा लाडका होता.

सिनेमा ब्रिटिश होता, गुंडांचा. त्यातला मुख्य माणूस ड्रग्ज विकायचा, पण इस्त्रीचे शर्ट घालून आणि हळू आवाजात बोलून, आणि आता त्याला धंदा सोडायचा होता. मला असल्या माणसांचा मनापासून राग येतो. विष विकायचं आणि चेहरा असा ठेवायचा की जणू पोस्टात नोकरीला आहे. तो आपल्या साहेबाकडे जाऊन म्हणतो, मला जाऊ द्या. साहेब म्हणतो, जा की, पण एवढं एक काम करून जा. मग दुसरं काम निघतं, मग तिसरं. सिनेमा बघताना गप्प बसायची मला सवय नाही.

"एवढं रडगाणं कशाला?" मी म्हणाले. "आपल्या जागी दुसरा कोणीतरी आणून बसवायचा आणि निघायचं. ऑफिसात नाही का आपण हँडओव्हर देत?"

नवरा हसला. दीर हसला नाही. पाणी पितो म्हणून उठला आणि स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून चहा टाकायच्या निमित्तानं मी मागे गेले. तो नळापाशी उभा होता, हातात रिकामा ग्लास.

"वहिनी, तेच म्हणतायत ते मला," तो म्हणाला.

मला आधी काही समजलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. वर्षापूर्वी त्याची कंपनीतली पार्टटाइम जागा गेली होती. दुसरी मिळेना. तेव्हा लायब्ररीच्या कॅफेत एका सभ्य दिसणाऱ्या माणसानं त्याला काम देऊ केलं. काम म्हणजे काय, तर पार्सलं घ्यायची. एका छोट्या कंपनीला गोदाम नाही, तर त्यांची पार्सलं तुझ्या पत्त्यावर येतील, तू ठेवून घ्यायचीस आणि त्यांचा माणूस येऊन नेईल. लेटरबॉक्सवर आपल्या नावाखाली कंपनीच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची, बस्स. इथे जर्मनीत शेजाऱ्याची पार्सलं आपण सगळेच घेतो, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. चार महिन्यांनी एक खोका फाटलेला आला आणि आत नशेच्या गोळ्या निघाल्या, पाकिटंच्या पाकिटं.

"आणि मग?"

"मग सहा महिने घेत राहिलो," तो म्हणाला. "घाबरलो होतो हे खरंय. पण सवयही झाली होती."

निदान खोटं तरी बोलला नाही. आता त्याला सुटायचं होतं. ते म्हणत होते, सुट की, पण तुझ्यासारखाच एक पत्ता आणून दे. शिकणारं कोणीतरी, नवीन, पोलिसांकडे नाव नसलेलं. त्याच्या पासपोर्टची कॉपी त्यांच्याकडे होती. नाशिकचा पत्ता होता. बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, हे तर त्यांनीच त्याला बोलून दाखवलं होतं.

"मी असा कोणाला देणार नाही," तो म्हणाला. "एका वकिलाच्या भेटीची टेरमिन घेतलीय, सोमवारची. त्यांच्याबरोबर पोलिसांकडे जातो. तुम्ही दोघं याल का माझ्याबरोबर?"

चहा उतू गेला. मी गॅस पुसत बसले, कारण उत्तर द्यायचं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो सोफ्यावर बसला तो उठलाच नाही. बोलले मीच. हे मी आता कोणाच्या डोक्यावर टाकू शकत नाही. आमच्या जर्मन नागरिकत्वाचा अर्ज दीड वर्ष ऑफिसात पडून होता आणि कुठल्याही दिवशी निकाल लागला असता. दर शनिवारी आमच्या घरी जेवणारा माणूस ड्रग्जच्या केसमध्ये आहे असं त्या फाइलीत गेलं तर? आणि नाशिकला मावशींनी कार्यालय ठरवलेलं, पत्रिका छापायला गेलेल्या. मुलाकडच्यांना कळलं तर लग्न मोडायला किती वेळ लागतो?

"आधी लग्न पार पडू दे," मी म्हणाले. "शुभकार्यात विघ्न नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. जानेवारीत जाऊ पोलिसांकडे, आम्ही दोघंही येऊ."

"वहिनी, ते जानेवारीपर्यंत थांबणार नाहीत."

"मग तोवर काहीतरी मार्ग काढ," मी म्हणाले.

असं म्हणाले मी. मार्ग एकच होता आणि तो त्यानं पाच मिनिटांपूर्वीच मला सांगितला होता. सिनेमा तसाच अर्धवट राहिला. मुलगी घरी आली आणि काका का जेवला नाही, असं जर्मनमधून विचारत राहिली.

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा ताजातवाना होता. दाढी केलेली, नवीन जॅकेट घातलेलं. दारातच म्हणाला, "सुटलो." मी त्याच्या आवडीची भरली वांगी केली होती. नवऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. कसा सुटलास, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. इतर वेळी मी भाजीवाल्यालाही दहा प्रश्न विचारते.

इथे मला त्या मुलीबद्दल सांगायला हवं. ती लातूरची. त्याच सप्टेंबरात शिकायला आली होती. इथल्या मराठी विद्यार्थ्यांचा ग्रुप मी चालवते. कोणाला खोली हवी असते, कोणाला ऑफिसातलं पत्र वाचून हवं असतं, कोणाला नुसता वरणभात हवा असतो. हिला शहराच्या दुरलाख भागात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली मीच बघून दिली. पार्टटाइम काम असेल तर कळवा, असं ती ग्रुपवर दर आठवड्याला लिहायची, खाली हात जोडलेला इमोजी. मला ती आवडायची. थोडी भित्री होती, पण सरळ.

लग्नासाठी आम्ही निघणार, त्याच्या अकरा दिवस आधी ती घरी आली. कोणी भारतात चाललं की आपल्या लोकांचं सामान त्याच्या बॅगेत जातं, ही इथली रीतच आहे. आत काय आहे असं कोणी विचारत नाही, विचारणं बरं दिसत नाही. तिनं आईवडिलांसाठी एक पुडकं आणलं होतं, चिकटपट्टीनं गुंडाळलेलं. मी ते वजन करून बॅगेत टाकलं.

"ताई, मला जॉब मिळाला," ती म्हणाली. "घरबसल्या आहे. अभ्यास करत बसलं तरी चालतं."

"कसला गं?"

"पार्सलं घ्यायची. एका छोट्या कंपनीला गोदाम नाहीये. लेटरबॉक्सवर त्यांचं नाव लावायचं, एवढंच. विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधून नंबर मिळाला म्हणाले. मी आधी जरा घाबरले, पण म्हटलं, आता तुम्ही नेताय ना माझं सामान, तसंच आहे की हे."

एक वाक्य पुरेसं होतं. ते काम सोड, आत्ता सोड, ती चिठ्ठी काढून टाक. पण ती का म्हणून विचारणार, आणि मग मला सगळंच सांगावं लागणार. ती वकिलाकडे जाईल, नाहीतर ग्रुपवर लिहील. लग्न तोंडावर. फाइल ऑफिसात.

"छान," मी म्हणाले. "अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नकोस."

ती गेल्यावर मी दाराला कडी लावली, तिचं पुडकं बॅगेतून काढलं आणि सुरीनं उघडलं. आत चॉकलेटं होती, वडिलांसाठी करड्या रंगाचा स्वेटर, आईच्या गुडघ्यांसाठी मलमाच्या दोन ट्यूब आणि आठवीतल्या भावासाठी रंगीत पेनांचा डबा. स्वेटरच्या बाह्यासुद्धा मी चाचपून पाहिल्या. मग सगळं होतं तसं भरून नवीन चिकटपट्टी लावली. मला स्वतःची किळस आली, आणि तरी पुडकं स्वच्छ निघालं म्हणून बरंही वाटलं.

भारतात पोचल्यावर मी ते पुण्याहून लातूरला कुरिअर केलं. तिच्या वडिलांचा फोन आला. स्वेटर अगदी मापाचा बसला म्हणाले. "ताई, तुम्ही तिथं आहात म्हणून आम्हाला घोर नाही."

लग्न झोकात झालं. दीर वरातीत नाचला, नवरदेवाच्या चपला लपवण्यापर्यंत सगळ्यात पुढे. जेवणाच्या पंगतीनंतर मी त्याला मांडवाच्या मागे गाठलं.

"तिलाच का दिलंस?" मी विचारलं.

कोणाला, असं त्यानं विचारलं नाही. "मी फक्त नंबर दिला, वहिनी. मी दिला हे तिला माहीतही नाही."

"अरे, पण ती बिचारी..."

"तिला सुटायचं असेल तेव्हा तीही देईल कोणाचा तरी. मला तरी कोणी दिलाच असेल ना?" मग म्हणाला, "मी सोमवारी जाणार होतो. तुम्ही थांब म्हणालात."

मावशी हाका मारत आल्या. विहिणींचा फोटो राहिला होता आणि त्यांना मी हवी होते.

जानेवारीत परत आल्यावर पोलिसांकडे जायचं होतं. तो विषय कोणी काढला नाही. फेब्रुवारीत पोलीस दुरलाखच्या त्या घरी गेले. तिच्या पलंगाखाली तीन खोके निघाले, तिनं न उघडलेले. ते सभ्य गृहस्थ कुठे सापडले नाहीत, त्यांचा फोन बंद. लेटरबॉक्सवर नाव तिचं, सही तिची. परदेशी आहे, पळून जाईल, म्हणून तिला कोठडीतच ठेवलं.

तिच्या वडिलांचे फोन यायचे. त्यांना इंग्रजी जेमतेम, जर्मनचा तर प्रश्नच नाही. मी त्यांना कागद समजावून सांगायचे, तिच्या वकीलबाईंचा निरोप मराठीत करून द्यायचे. लोकांनी माझं कौतुक केलं. ताई किती करतात, असं ग्रुपवर आलं.

एप्रिलमध्ये वकीलबाईंनी स्वतःहून मला फोन केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. काम मिळालं तेव्हाच मी ताईंना सगळं सांगितलं होतं, असं ती म्हणत होती. मनात पाप असतं तर ती असं सांगत फिरली नसती. तुम्ही एवढंच कोर्टात येऊन सांगा. ती तुमच्याशी नक्की काय बोलली? त्यावर तुम्ही काय म्हणालात?

आमच्या नागरिकत्वाचं पत्र आदल्याच आठवड्यात आलं होतं. समारंभाची टेरमिन मेमध्ये होती. कोर्टात एक प्रश्न निघाला की त्यातून दुसरा निघणार होता. हे ऐकून तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही, असं कोणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "घरी लग्नाची गडबड होती."

वकीलबाई म्हणाल्या, "आख सो." म्हणजे, असं होय. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

जूनमध्ये तिला शिक्षा झाली. शिक्षा स्थगित होती, म्हणजे पुन्हा तुरुंगात जायचं नव्हतं, पण व्हिसा गेला. डिग्री अर्धी. पोलिसांकडे नाव कायमचं. दीर त्याच महिन्यात झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला. तो दिवाळीला येतो, मी त्याला वाढते. आम्ही हवापाण्याचं बोलतो.

जुलैत तिची खोली रिकामी करायला मी गेले, कारण तिला मदत करणारं इथे दुसरं कोणी नव्हतं. ती खूप वाळली होती. पुस्तकं तिनं आधीच कोणाला तरी देऊन टाकली होती. आम्ही दोघींनी मिळून कुकर, डबे, चादरी असं सगळं भरलं. बॅग बंद होईना, तर मी वर बसले आणि तिनं चेन ओढली.

"ताई, एक सांगू?" ती म्हणाली. "मी त्या कामाचं तुम्हाला सांगितलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, तुम्हाला आठवत नाही. दोन दिवस मला तुमचा राग आला होता. मग म्हटलं, तुम्ही एवढ्या सगळ्यांचं ऐकता, कोणाकोणाचं लक्षात ठेवणार? माझ्या मनात आलं ते चुकलंच."

एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. अजूनही वेळ होती. ती रिकामी खोली, आम्ही दोघीच, आणि ऐकून घ्यायला ती तयार होती.

"हो गं," मी म्हणाले. "हल्ली माझ्या काही लक्षातच राहत नाही."

मग ती वाकून माझ्या पाया पडली.