ओळखीचा तितर

तितराच्या डोक्यात काय चालते, हे अख्ख्या चांदा जिल्ह्यात आमच्या थोरल्या साडूभाऊंइतके कोणालाही कळले नव्हते. आणि 'उतारवयात त्यांची विद्या गेली' असे जे वरोऱ्याकडे अजून सांगितले जाते, ते धादांत खोटे आहे. सांगणारे त्या दिवशी साहेबाच्या तंबूपाशी चहा पीत होते. झुडपाआड साडूभाऊंच्या शेजारी मी होतो.

पाळलेल्या तितराला ओरडायला लावून रानातले तितर फाशात ओढणे, हा त्यांचा छंद. लग्नाच्या पंगतीतही कापडाने झाकलेला पिंजरा त्यांच्या मांडीशी असे. घर शेतातच, त्यामुळे आसपासचा प्रत्येक तितर ते आवाजावरून ओळखत आणि त्याला नातलगाचे नाव देत. "नाल्याकडचा आयकला? तो आपला सासरा. एकदा सांगून त्याचं भागतच नाई." एवढ्याशा मेंदूत ओळख कसली मावते, असे मी एकदा म्हणालो, तर ते संतापले. "मास्तर, बोराएवढं डोस्कं हाये, पन शेजारी कोन अन् परका कोन, हे त्याले पक्कं ठाऊक असते. शेजारी वरडला तं म्हन्ते, वरडू दे, आपलाच हाये. परका वरडला का धावते भांडाले, अन् फासात पडते." म्हणूनच शिकारीसाठी ते पिंजरा खांद्यावर टाकून दोन गावे ओलांडून जात. लोकांना तो चक्रमपणा वाटे.

मग चैत्राच्या अखेरीस एक बडे साहेब मुक्कामाला आले. त्यांना जेवणात तितर हवे होते. पाटलांनी मोठ्या अभिमानाने साडूभाऊंना पुढे केले. त्यांनी नकार दिला नाही. फक्त पिंजरा नेऊन टांगला तो स्वतःच्याच बांधावर. त्यांचा तितर घसा फोडून ओरडला. चारी बाजूंनी शेजाऱ्यांनी सावकाश उत्तरे दिली. जागचा एकही हलला नाही. मी चमकून साडूभाऊंकडे पाहिले.

"गप राहा मास्तर," ते पुटपुटले. "माद्या अंड्यावर हायेत."

आम्ही रिकाम्या हाताने तंबूपाशी परतलो, तेव्हा साहेब हसले. पाटील म्हणाले, "बुढा संपला आता."

चावडीवर ज्यांच्यासाठी माणसे सरकून जागा करीत, त्यांच्यासाठी पुढे कोणी सरकेना. ते पायरीवर बसू लागले. माझ्या एका वाक्याने त्यांचा मान परत आला असता. ते वाक्य मी बोललो नाही. त्यांनी गप राहायला सांगितले होते, हे खरे. मी सरकारी मास्तर होतो आणि साहेबाला, पाटलाला भीत होतो, हेही खरे. या दोहोंतले कोणते कारण अधिक खरे, एवढे मात्र मला आजही ठामपणे सांगता येत नाही.