दिसायला टर्बो, थांबायला साधी

"चावी दे गा मास्टर," मनोहरभाऊ म्हणाले.

"नाई देत भाऊ," मी म्हणालो.

आमचे मालक नितीनभाऊ नारळ घेऊन गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकले होते. ते तसेच वाकलेले राहिले. डिलिव्हरीच्या वेळी चाकासमोर नारळ फोडायचा ही आमच्या वर्कशॉपची पद्धत. फोटो निघतो, पेढा दिला जातो, गिऱ्हाईक खुशीत जातं. एकतीस वर्षांत मी कोणाची तयार गाडी अडवली नव्हती. त्या दिवशी चावी माझ्या खिशात होती आणि ती बाहेर काढायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

नागपूरच्या काटोल रोडवर आमचं वर्कशॉप आहे. मी तिथला फोरमन. सगळे मला मास्टर म्हणतात. मला घरी काही नाव आहे हे आता बायकोलाही आठवत नसावं. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन ही माझी मूळ कामं. पण हल्ली निम्मी गिऱ्हाईकं येतात ती गाडीचा चेहरा बदलायला. साध्या गाडीला महागड्या स्पोर्टी गाडीसारखं सजवायचं. याला आमच्याकडे 'लूक मारणे' म्हणतात.

मनोहरभाऊ तीन आठवड्यांपूर्वी आले होते. नरखेडकडचे संत्र्याचे मोठे बागायतदार. सोबत मुलगी प्रणाली, वय पंचवीस. बागेतला माल निवडून, पॅक करून नागपूरला पाठवायचं सगळं काम तीच बघायची. आठवड्यातून चारदा नरखेड-नागपूर, स्वतः गाडी चालवत. गाडी पांढरी, साधी हॅचबॅक. त्याच कंपनीची, तशाच आकाराची एक टर्बो गाडी मिळते. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणजे जोर जास्त. प्रणालीला ती टर्बो हवी होती. शोरूममध्ये जाऊन ती चालवूनही आली होती.

मनोहरभाऊंनी मला बाजूला घेतलं. "हे पाह्य मास्टर. थे टर्बो जशी दिसते ना, तशी हे गाडी दिसली पाह्यजे. पण तशी पळाली नाई पाह्यजे."

मी हसलो. मला वाटलं, मस्करी करून राहिले. लोक उलटं मागतात. दिसली नाही तरी चालेल, पण पळव, म्हणतात. "भाऊ, मंग नवीनच घेऊन टाका ना," मी म्हणालो. "एवढी बाग हाय तुमची."

"सांगतलं थे कर ना गा."

प्रणाली थोडी हिरमुसली होती, पण बापाचं मन मोडायचं नव्हतं तिला. "जाऊ द्या काका. दिसायला तरी होईल ना तशी," ती म्हणाली.

आमच्या वर्कशॉपमधल्या पोरांनी त्याच दिवशी मनोहरभाऊंना चिंगूस ठरवलं. मीही ठरवलं. खरं म्हणजे त्या माणसाने आमच्या कोटेशनवर एक शब्द काढला नव्हता. मिस्त्र्यांना खोकाभर संत्री देऊन गेला होता. चिंगूस माणूस असं करत नाही. पण एवढा विचार कोण करतो बाप्पा!

काम झकास झालं, हे मी स्वतःच सांगतो. नवा बंपर, मागे छताच्या काठाला स्पॉयलरची पट्टी, काळं छत. आखूड स्प्रिंग टाकून गाडी दीड इंच खाली बसवली. मोठे अलॉय व्हील आणि त्यावर बारीक काठाचे, दिसायला रुबाबदार आणि क्वालिटीत सुमार टायर. मागच्या दारावर टर्बोची चकचकीत अक्षरं. आणि चारही चाकांत लाल कॅलिपर.

कॅलिपर म्हणजे काय ते सांगतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक तवा फिरतो. ब्रेक दाबला की त्या फिरत्या तव्याला एक सांडशी दोन्हीकडून धरते. ती सांडशी म्हणजे कॅलिपर. खऱ्या टर्बोला चारही चाकांत तवा-सांडशी आहे, आणि मोठी आहे. या साध्या गाडीला पुढे लहान तवा आणि मागे तवाच नाही, जुन्या पद्धतीचा बंद डबा, ज्याला ड्रम म्हणतात. आम्ही काय केलं? पुढच्या सांडशीवर लाल प्लास्टिकचं कव्हर चढवलं आणि मागच्या डब्यावर सांडशीचं खोटं कव्हर चिकटवलं. सगळीकडे हेच करतात. लांबून कोणालाही कळत नाही.

मला मात्र कळत होतं. मोठं चाक जड असतं. जड चाक फिरायला लागलं की थांबायला वेळ लागतो. टायर सुमार, म्हणजे पकडही कमी. हे सगळं मला पाठ आहे. पण गाडी इतकी देखणी दिसून राहिली होती की मी तोंड शिवून बसलो. ही माझी चूक, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलायची नाही.

माझा एक नियम आहे. नारळाआधी ट्रायल, आणि ट्रायलला गाडी मालकानेच चालवायची. मी शेजारी बसतो. प्रणाली पहिल्यांदा गाडी दाखवायला आली तेव्हाही मी तिच्या शेजारी बसलो होतो. पोरगी छान चालवते. त्या दिवशी काटा साठ-पासष्टच्या वर गेला नव्हता.

डिलिव्हरीच्या दिवशी तोच रस्ता होता. इंजिनाला आम्ही हातसुद्धा लावला नव्हता. तरी काटा पंच्याऐंशीवर.

"काका, गाडी एकदम वेगळीच वाटून राहिली!" ती खुशीत होती.

"बेटा, इंजिन थेच हाय."

"हो, पण वाटते ना!"

तेवढ्यात रस्त्यावर बकऱ्या आल्या. तिने ब्रेक मारला. वेळेवर मारला, चांगला मारला. गाडी थांबली, पण जिथे थांबायला पाहिजे होती तिथे नाही. शेवटची बकरी बंपरपासून हातभर अंतरावर होती. गुराख्याने आम्हाला जे काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

"थांबली ना काका," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज मात्र बारीक झाला होता.

गाडीचा नुसता चेहरा बदलला आणि चालवणाऱ्याचा पाय बदलला. वेग वाढला, थांबण्याची ताकद घटली. हे करणारा मी. तीच पोरगी उद्यापासून आठवड्यातून चारदा त्या रस्त्यावर.

वर्कशॉपमध्ये आलो. चावी काढून खिशात टाकली.

आता पुन्हा त्या नारळापाशी येतो.

नितीनभाऊंनी मला ऑफिसात ओढलं. "मास्टर, डोकं फिरलं काय? कस्टमर खुश हाय, पोरगी खुश हाय. तुमचं काय दुखून राहिलं?"

"ब्रेक."

"ब्रेक लागते का नाई?"

"लागते. उशिरा लागते."

"अहो, अशा पन्नास गाड्या दिल्या आपण."

"हो ना. थेच आठवून राहिलो."

त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. माणूस वाईट नाही. मी बाहेर आलो आणि मनोहरभाऊंना सरळ सांगितलं. "भाऊ, मी चूक केली. हे गाडी पोरीले देऊ नका. टर्बोची अक्षरं दिसली की चालवणाऱ्याचा पाय खाजवते, अन् ब्रेक उशिरा लागते. सगळं काढून देतो, माह्या हातानं. आणि माहं ऐकाल त तिले खरी टर्बो घेऊन द्या."

भडकले ना मनोहरभाऊ! "तुले मी काय सांगतलं होतं? पळणारी गाडी नाई पाह्यजे म्हणून सांगतलं होतं का नाई? अन् तू मलेच टर्बो विकून राहिला?"

"काहून नाई पाह्यजे, थे त सांगा!"

मीही आवाज चढवला होता. सगळं वर्कशॉप थांबून बघत होतं. मनोहरभाऊ टायरच्या चळतीवर बसले. प्रणाली जवळ जाऊन उभी राहिली. मग ते तिच्याकडे न बघता बोलले.

"गजू, माहा लहान भाऊ. त्याले मोटरसायकल मीच घेऊन देल्ली होती. पळणारी. त्यानं मागतली म्हणून. एक दिवस रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, पंक्चर झालेली. त्याले दिसली, त्यानं ब्रेक मारला. पण नाई थांबली." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "तवापासून म्हटलं, आपल्या घरात पळणारी गाडी येणार नाई. हिले हौस हाय, त दिसायले आणू. आतून गरीबच ठेवू. चुकलं काय माहं?"

"बाबा, तुम्ही हे मले कधीच नाही सांगितलं," प्रणाली म्हणाली. गजूकाकाचा हार घातलेला फोटो तिने लहानपणापासून पाहिला होता. तो गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती.

मी त्या माणसाला तीन आठवडे चिंगूस समजत होतो. लाज वाटली मला. पण लाज वाटून ब्रेक सुधरत नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "उद्या सकाळी साडेसहाला या. मी दाखवतो. पटलं नाई त चावी तुमची, नारळ मी फोडतो."

नशिबाने तसलीच एक टर्बो गाडी आमच्याकडे सर्व्हिसिंगला आली होती. एका डॉक्टर मॅडमची. मी फोन करून परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "ब्रेक तपासा खुशाल, पण धुऊन द्या."

आमच्या मागे एक मोठा लेआउट आहे. नागपूरच्या बाहेर कुठेही पहा, लांबरुंद सिमेंटचे रस्ते, प्लॉटचे दगड, आणि घर एकही नाही. भाव वाढायची वाट बघत पडलेली जमीन. आम्हाला ट्रायलला बरी पडते. दोन्ही टोकांना आमची माणसं उभी केली. रस्त्यावर खडूने आडवी रेघ मारली. ठरलं असं की ऐंशीच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा, आणि गाडी जिथे थांबेल तिथे नितीनभाऊंनी वीट ठेवायची. चालवणार मी. शेजारी मनोहरभाऊ.

आधी सजवलेली गाडी. रेघ आली, मी पाय रोवला. मनोहरभाऊंनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. थांबलो. वीट ठेवली. पुन्हा एकदा केलं, कारण एकदा केलेली ट्रायल मी मानत नाही. वीट जवळपास तिथेच.

मग टर्बो. तोच रस्ता, तोच वेग, तीच रेघ, तोच माझा पाय. ही गाडी थांबली तेव्हा पहिली वीट आमच्यापुढे बरीच लांब दिसत होती. दुसऱ्यांदाही तसंच.

मनोहरभाऊ उतरले. टर्बोच्या विटेपासून पहिल्या विटेकडे चालायला लागले. मोठमोठ्या ढांगा टाकत, एकसारख्या, जमिनीकडे बघत. बागेत खड्डे आखताना शेतकरी मोजतो तसं. सात ढांगा झाल्या. ते थांबले, वळले, उलट मोजत आले. सातच.

"एक झाड," ते म्हणाले.

"काय भाऊ?"

"दोन संत्र्याच्या झाडांत आमी एवढंच अंतर ठेवतो. वीस फूट." ते त्या मधल्या रिकाम्या सिमेंटकडे बघत होते. "गजूले हे एक झाड भेटलं असतं, त तो आज घरी असता."

नितीनभाऊ उगाच एक वीट इकडची तिकडे करत राहिले. प्रणालीने बापाचा हात धरला. मनोहरभाऊ रडले, मोकळेपणाने रडले, आणि मग उपरण्याने तोंड पुसून म्हणाले, "मी पळणं मोजत होतो गा मास्टर. थांबणं कोणी मोजलंच नाई."

पुढचं सगळं साधं आहे. पांढऱ्या गाडीवरून आम्ही एकेक सामान उतरवलं. जुनी स्प्रिंग, जुनी चाकं, जुना बंपर. ती गाडी आता मनोहरभाऊ स्वतः वापरतात, गावातल्या गावात. टर्बो शोरूममधून आली. त्याआधी प्रणाली चार सकाळी त्या लेआउटमध्ये माझ्यासोबत आली आणि नुसती थांबायला शिकली. नितीनभाऊंनी नियम केला की लूक मारायला आलेल्या गाडीला आधी चांगले टायर, मग बाकीचा शृंगार. काही गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. जाऊ द्या.

त्या खोट्या लाल सांडशा मी माझ्या टेबलावर ठेवल्या आहेत. कोणी म्हणालं, "मास्टर, फक्त लाल कॅलिपर मारून द्या," की एक त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "घे, यानं चाक धरून दाखव."

नवीन टर्बो शोरूममधून थेट आमच्याकडे आली, नारळ आमच्याच दारात फोडायचा म्हणून. चाकाखाली लिंबू ठेवलं. मी चावी प्रणालीच्या हातात द्यायला गेलो, तर मनोहरभाऊंनी मधे हात घातला. मी म्हटलं, झालं! पुन्हा काय?

ते गाडीच्या मागे गेले. दारावरच्या चकचकीत अक्षरांवर बोट ठेवलं. "हे काढून टाक."

"काहून भाऊ? हे त असली हाय!"

"असली हाय म्हणूनच काढ. अक्षर दिसलं की मागचा शर्यत लावते अन् चालवणाऱ्याचा पाय खाजवते. तूच सांगतलं ना?"

मी प्रणालीकडे बघितलं. हट्टाने मागितलेली गाडी होती तिची. ती हसली. "काढा काका. थांबते कशी, हे मले मालूम आहे."

हीट गनने अक्षरं गरम केली, दोरा ओढून एकेक सोडवलं, गोंद पुसला. आयुष्यात मी साध्या गाड्यांवर टर्बोची अक्षरं किती चिकटवली त्याचा हिशेब नाही. खऱ्या टर्बोवरून ती एकदाच काढली. मग नारळ फोडला, आणि गाडी साठच्या वेगाने नरखेडकडे गेली.