दुसऱ्याच्या कडब्यावर केलेला तह

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या मागोमागच्या दुष्काळात मी उदगीरला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते आणि मला सगळं कळत होतं. तेवढं पुढं कधीच कळलं नाही.

नव्या जिल्ह्यात शिक्षकांची भाषणस्पर्धा निघाली. मी विषय घेतला: बिदरचं बहमनी राज्य मोडकळीला आलं, तेव्हा बाहेरचे दोस्त जोडून ते सावरलं असतं का? माझं उत्तर तयार होतं, हमखास सावरलं असतं. शेवटच्या सुलतानानं दिल्लीच्या नव्या बादशहाला चोरून पत्र लिहिलं होतं: मदतीला या, वऱ्हाड आणि दौलताबाद देतो. माझ्या मते पत्राला उशीर झाला, एवढंच चुकलं. भाकरी थापताना मी हे भाषण सासूबाईंना इतक्यांदा ऐकवलं की त्यांना ते पाठ झालं; वर्गात मुलींनाही तेच लिहून दिलं.

त्यातच आमचा आड आटला. टँकरचा भरवसा नव्हता. शेजारच्या काकूंच्या आडात पाणी होतं, पण त्यांच्यापुरतं आणि दोन म्हशींपुरतं. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर घराला कुलूप लावून सगळ्यांना सासूबाईंच्या माहेरी, मुदखेडला जावं लागलं असतं, आणि माझी नोकरी गेली असती.

सासूबाई म्हणाल्या, "तू तह शिकवतीस ना? मग जा, कर."

मी ठेवणीतली साडी नेसून गेले, एखादा वकील दरबारात जावा तशी. काकू म्हशींपुढं कडब्याच्या दोन पेंड्या टाकत होत्या, त्याही अर्ध्या करून. ते बघून मला सुचलं. म्हटलं, रोज सहा घागरी द्या, आमच्या गंजीतल्या शंभर पेंड्या तुमच्या. गंज चुलत सासऱ्यांची होती, आमची त्यात काडी नव्हती. पण एकदा पाणी सुरू झालं की पुढचं पुढं बघू, असा माझा मुत्सद्दीपणा.

काकू हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मी वळसा घालून घरी येईपर्यंत त्यांनी भिंतीवरून सासूबाईंना कडब्याचं विचारून टाकलं होतं. सासूबाईंनी मला दारातच धरलं.

"कडबा तुझ्या बापाचा हाय का गं?"

मी म्हटलं, आत्याबाई, राजकारणात थोडं असं बोलावं लागतं.

"तुझा तो सुलतान बी दुसऱ्याचंच वाटून राहिला होता का?"

वऱ्हाड आणि दौलताबाद त्याच्या सरदारांनी केव्हाच दाबलं होतं. तो स्वतः बिदरच्या महालात आपल्याच वजिराचा कैदी. मला हे सगळं माहीत होतं. पंधरा पानं लिहून दिसलं मात्र नव्हतं.

सासूबाई मला घेऊन परत काकूंकडं गेल्या. आधी म्हणाल्या, पोरीनं थाप मारली. मग विचारलं, तुमच्या आडातला गाळ किती वर्षं निघाला नाही? काकूंचे मुलगे हैदराबादला, आत उतरायला माणूस नव्हता. आमच्याकडं माझा नवरा आणि दोन दीर होते. सासूबाई म्हणाल्या, गाळ आम्ही काढू. पाणी वाढलं तर वाढलेल्यात अर्धं आमचं, नाही वाढलं तर तुमचं तुम्हाला.

काकूंनी थोडा वेळ आडात बघितलं. "हाव. पण दोरावर मास्तरीणबाई पाहिजेत."

बहमनी राज्य सावरलं असतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. फक्त हातात काही शिल्लक असतानाच घरचे भांडणारे सरदार, दख्खनी आणि परदेशी, आधी एका दोराला लावायला हवे होते. मग बाहेरचेही आले असते. पुढं लातूरच्या स्पर्धेत हेच बोलले. नंबर आला नाही. परीक्षकांना बादशहा हवा होता, मी गाळ सांगत बसले.

तीन दिवस मी चिखलाच्या पाट्या ओढल्या. सातवीच्या मुली भिंतीवर बसून बघत होत्या; एकीनं विचारलं, बाई, हे परीक्षेला आहे का? तिसऱ्या दिवशी दुपारी खालून नवऱ्याचा आवाज आला, पायाला गार लागतंय. पहिली घागर काकूंच्या म्हशीला गेली, दुसरी आमच्या घरात आली.

सोमवारी मी शाळेत होते. हाताला फोड आलेले, खडू धरवेना. म्हणून मुलींना तोंडीच सांगितलं, मागच्या आठवड्यात शिकवलेलं खोडा; वऱ्हाड सुलतानाचं नव्हतं.