उन्हात ठेवलेला चिखल

शिवडीच्या खाडीतल्या चिखलावर मी चार वर्षं पीएचडी करत होते. चाळीत कुणी विचारलं तर 'मायक्रोबायोलॉजी' म्हणायचे आणि सटकायचे. चिखल म्हटलं की लोक नाक मुरडतात आणि माझा पारा चढतो.

एका शनिवारी लॅबचा फ्रीज बंद पडला. चिखलाच्या सहा नळ्या मी काळाचौकीला घरी आणल्या, फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवल्या आणि आईला बजावलं, "हात लावू नकोस." बस्स, एवढंच. चिखल जिथून काढला तिथे भराव पडायला लागला होता. त्या जागेचं माझ्याकडे तेवढंच होतं.

सोमवारी दुपारी नळ्या न्यायला आले, तर गॅलरीत सूप. सुपात एकीकडे सुकट आणि दुसरीकडे माझ्या सहा नळ्या. झाकणं उघडी, चिखल वरून तडकलेला.

"वास मारत होतो गो," आई म्हणाली. "म्हटलं, वाईच ऊन दाखवूया."

सुकटीला वास लागला की ऊन दाखवायचं, हे आमच्या कोकणातल्या घरचं शास्त्र. तिने माझ्या चिखलाची सुकटीइतकीच काळजी घेतली होती. पण मी तिच्यावर अशी ओरडले, "तुला अक्कल आहे का?", की शेजारच्यांनी ऐकायला टीव्हीचा आवाज कमी केला. अजून आठवलं की लाज वाटते.

ओहोटी होती. पुन्हा चिखल काढायला नळ्या रिकाम्या करून तशीच शिवडीला निघाले. आईही चपला सरकवून टॅक्सीत येऊन बसली. पोचलो तर माझ्या जागेवर डेब्रिजचा ढीग आणि त्यावर रोलर फिरतोय. संपलं. मी तिथेच बसून ढसाढसा रडले. प्रबंधात त्या जागेचा रकाना कोराच राहिला.

आई शेजारी टेकली. "होता काय गो त्या चिखलात?"

मग सांगितलं. आपल्या गटारांतलं नायट्रेट खाडीत येतं. ते साचलं की पाण्यात शेवाळ माजतं, मासा गुदमरतो. चिखलात खाली हवा पोचत नाही, तिथे हे जिवाणू त्या नायट्रेटवरच श्वास घेतात आणि त्याचा साधा वायू करून हवेत सोडून देतात. एकट्यादुकट्याचं काम नाही, एकाचं अर्धं दुसरा पुरं करतो. वारा लागला, सुकलं, की अख्खी वस्ती मोडते.

"अरे देवा! म्हणजे मीच मारलं त्यांना."

ती रोलरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चार वर्सां ह्यां करतंस. माका एकदा तरी सांगलंस काय?"

लॅबमध्ये आलेल्या परदेशी पाहुण्यांना हेच सगळं मी स्लाइड लावून, हसून हसून समजावलं होतं. आईला सांगायला पाच मिनिटं लागली.