फादरांच्या गावची नदी

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यातून मला बोलावणे आले. बातमीसाठी नव्हे. तिथले फ्रेंच फादर आजारी होते, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि त्यांना मायदेशी बहिणीला पत्र पाठवायचे होते. पत्र लिहून, पाकीट चिकटवून त्यांनी उशाशी ठेवले होते. पत्ता मात्र पुरा आठवत नव्हता. गावाचे नाव आठवे, जिल्ह्याचे नाही. बहिणीची जुनी पत्रे वाळवीने खाल्ली होती. पासपोर्टावर आणि मिशनच्या कागदांत नुसते गावाचे नाव होते.

मी आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतले नकाशांचे जाडजूड पुस्तक नेले होते. सूचीत त्या नावाची चार गावे निघाली. एक डोंगरात, एक समुद्राजवळ, दोन सपाटीवर. गावाची ठेवण कळली तर त्यांतले एक ठरवता आले असते.

फादर चाळीस वर्षे इथे होते, बोलतही इथल्यासारखेच. त्यांनी सावकाश सांगितले: गाव टेकाडावर, खाली नदी, ती उगवतीकडे जाते. चर्चच्या मागे उतार, उतारावर तीन विहिरी. मी लिहून घेत गेलो. नदीवर पूल आहे का, असे विचारले.

"पूल न्हाई, फरशी हाय. पावसाळ्यात पान्याखाली जाती."

त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी चुलीपासून उठून आल्या.

"फादर, ही तर आपलीच फरशी. तुमी सायकलसकट पडला हुता, ती."

फादर हसले. "व्हय की."

मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा इथलेच टेकाड, इथल्याच तीन विहिरी. तिसऱ्यांदा ते मध्येच थांबले.

चारी गावांना धाडता येईल का, असे मावशींनी मला बाजूला घेऊन विचारले. पत्र एकच होते. पाकीट फोडायला फादर तयार नव्हते आणि दुसरे लिहिण्याइतका हात चालत नव्हता.

सपाटीवरच्या दोहोंपैकी एक मी निवडले. त्याला काही आधार नव्हता. पत्ता लिहून पाकीट त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरले.

"ह्योच ना रं?"

"हो, फादर."

दुसऱ्या दिवशी नगरच्या पोस्टात मी ते टाकले. आठवड्याने फादर गेले. पत्र परत आले नाही. एवढ्यावरून ते पोचले, असे म्हणता येत नाही.